बिनतारी जाळ्यातील विलंबाचे पूर्वानुमान

बिनतारी जाळ्यातील विलंबाचे पूर्वानुमान म्हणजे मोबाइल किंवा अन्य बिनतारी जाळ्यातून जाणारा संदेश पोहोचण्यास किती वेळ लागेल, याचा आधीच बांधलेला अंदाज होय. कारखान्यातील यंत्रमानव, चालकरहित वाहने व वीजजाळ्याचे संरक्षण अशा कालसंवेदी सेवांत उशिरा आलेला संदेश न आलेल्या संदेशाइतकाच निरुपयोगी ठरतो. म्हणून या सेवांना सरासरी विलंबापेक्षा मुदत चुकण्याची शक्यता किती, हे कळणे अधिक गरजेचे असते. या अंदाजासाठी यंत्रशिक्षणाचा, म्हणजेच मशीन लर्निंगचा, वापर केला जातो.

विलंब कोठे होतो

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक वितरित झाले. रास्त भाव दुकानात बोटाचा ठसा घेतला की पडताळणीची विनंती सहसा मोबाइल जाळ्यातून निघून आधार प्राधिकरणाच्या विदा केंद्राकडे जाते. बंगळूर व मानेसर येथे ही केंद्रे आहेत. शहादा ते बंगळूर हे सरळ अंतर सुमारे १,००० किमी आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो, म्हणजे एवढ्या अंतरास त्याला ५ मिलिसेकंद पुरतात. प्रत्यक्ष तारेचा मार्ग दुप्पट लांब धरला तरी १० मिलिसेकंद. दुकानात मात्र उत्तरासाठी कधी कधी काही सेकंद थांबावे लागते. हा उरलेला वेळ मनोऱ्याजवळची रांग, क्षीण संकेत, संदेशाची पुनःपाठवणी आणि सर्व्हरवरील प्रक्रिया यांत जातो. ही सेवा मिलिसेकंदांची नाही, पण मुदतीचे तत्त्व तेच आहे. उत्तर वेळेत न आल्यास व्यवहार रद्द होतो आणि रांगेतील माणसाला ठसा पुन्हा द्यावा लागतो.

बिनतारी दुव्याचे एक वैशिष्ट्य असे की तेथे विलंब पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. एलटीई जाळ्याच्या एफडीडी प्रकारात बिघडलेला संदेशखंड सुमारे ८ मिलिसेकंदांनी पुन्हा पाठवला जातो. पुन्हा बिघडला तर आणखी ८. त्यामुळे विलंबाच्या आलेखात एकाऐवजी अनेक उंचवटे दिसतात आणि सरासरी बहुधा दोन उंचवट्यांच्या मधल्या, क्वचितच घडणाऱ्या मूल्यावर येते.

पूर्वपीठिका

डॅनिश गणिती ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी केंद्रावरील कॉलच्या आगमनाचे गणित मांडले. रांगांचा सिद्धांत त्यातून वाढला. इंटरनेटवर १९८८ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी रूढ केलेली पद्धत हेही साधे पूर्वानुमानच आहे. जुन्या अंदाजाचे ७/८ आणि नव्या मापनाचे १/८ घेऊन नवा अंदाज काढायचा व त्यात चलनाची चौपट मिळवून तेवढा वेळ थांबायचे. ही युक्ती आजही वापरात आहे. मात्र संकेत का क्षीण झाला, मनोऱ्यावर गर्दी किती, हे तिला कळत नाही.

यंत्रशिक्षणाची रीत

प्रारूपाला संकेताची तीव्रता, रांगेची लांबी, पुनःपाठवणींची संख्या, मनोऱ्यावरील ग्राहक व दिवसाची वेळ अशी माहिती दिली जाते. उपयुक्त प्रारूप ‘३० मिलिसेकंद’ असे एकच उत्तर देत नाही, तर ‘१०० पैकी ९९ वेळा ४५ मिलिसेकंदांच्या आत’ अशी मर्यादा सांगते. यासाठी शततमक समाश्रयण किंवा ख्रिस्तोफर बिशप यांनी १९९४ मध्ये मांडलेली मिश्र-घनता जाळी वापरतात. मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका दिसल्यास यंत्रमानव आपली गती कमी करतो, संदेश दोन मार्गांनी पाठवला जातो किंवा निर्णय जागेवरच घेतला जातो. पाचव्या पिढीच्या मानकात, थ्रीजीपीपीच्या पंधराव्या आवृत्तीपासून, जाळ्याच्या माहितीचे विश्लेषण करणारा स्वतंत्र घटक आहे.

मर्यादा

सर्वांत अवघड भाग दुर्मिळ विलंबाचा आहे. ९९.९९९ टक्के विश्वासार्हता म्हणजे लाखात एक चूक. दर १० मिलिसेकंदांस एक संदेश धरल्यास अशा दहा चुका दिसण्यास सरासरी १० लाख संदेश, म्हणजे सुमारे पावणेतीन तास लागतात. तोवर गर्दी आणि संकेत दोन्ही बदललेले असतात. या टोकासाठी पुराचे अंदाज बांधताना वापरला जाणारा अतिमूल्य सिद्धांत जोडीला घेतात.

पुण्यासारख्या शहरातील माहितीवर शिकवलेले प्रारूप सातपुड्याच्या पायथ्याशी तसेच लागू पडेल, असे मानणे धोक्याचे आहे. जेथे मनोरा काचतंतूऐवजी सूक्ष्मलहरींच्या दुव्याने जोडलेला असतो, तेथे मुसळधार पावसात १० गिगाहर्ट्झहून अधिक वारंवारतेचा संकेत क्षीण होतो. उन्हाळ्यात गोळा केलेल्या माहितीत याची खूणही नसते. शिवाय पूर्वानुमान भौतिक मर्यादा ओलांडू शकत नाही. एका मिलिसेकंदात प्रकाश काचतंतूतून जाऊन येऊन जेमतेम १०० किमीची मजल मारतो आणि शहाद्यापासून मुंबई सरळ रेषेतच सुमारे ३२० किमी आहे. अशा सेवेसाठी संगणक जवळच बसवावा लागतो.

मापनही वाटते तितके सोपे नाही. एका दिशेचा विलंब मोजण्यास दोन्ही टोकांची घड्याळे जुळलेली लागतात. जाण्या-येण्याच्या एकूण वेळेचे निम्मे करणे चुकीचे ठरते, कारण मोबाइलला संदेश वर पाठवण्यापूर्वी सहसा मनोऱ्याची परवानगी घ्यावी लागते, खाली येणाऱ्या संदेशाला तसे करावे लागत नाही.