बाटलीत नुसती अँटिबॉडी नसते

दिवस राहिलेत का हे बघायची पट्टी आपण सगळ्यांनी आशाताईंकडे पाहिली आहे. त्या पट्टीवर अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, बसवलेली असतात. लघवीतलं गरोदरपणाचं संप्रेरक ती पकडतात आणि रेघ उमटते. दुसरी रेघ मात्र दिवस राहिलेले असोत वा नसोत, उमटायलाच हवी. ती नसेल तर पट्टीच खराब. अशीच पडताळणी प्रयोगशाळेतही लागते, ती का ते आज सांगते.

एकाच जातीची प्रतिपिंडं हवी तेवढी बनवायची रीत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता ही प्रतिपिंडं बाटलीत विकत मिळतात. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर ती घालायची आणि पेशी काय करतात ते बघायचं.

घोळ इथेच होतो. लोणचं टिकावं म्हणून आपण मीठ घालतो, तसं या बाटलीत बऱ्याचदा सोडियम अझाइड घातलेलं असतं. नाव विसरलात तरी चालेल, पण ते विष आहे. जंतू वाढू देत नाही, तसंच पेशींचाही श्वास अडवतं. पेशी मंदावल्या, मेल्या, की संशोधकाला वाटतं, ही प्रतिपिंडांचीच करामत!

कधी उलटं होतं. मेलेल्या जंतूंच्या आवरणाचे कण, म्हणजे एंडोटॉक्सिन, बाटलीत राहून जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण चिमूटभराच्याही कितीतरी कमी असले तरी पांढऱ्या पेशी खवळतात.

यावर एक साधी युक्ती आहे, मला तर फार आवडते. थोडा नमुना चांगला उकळायचा. उकळल्यावर प्रतिपिंडं निकामी होतात, एंडोटॉक्सिन सहसा टिकतं. तरीही पेशी तशाच खवळल्या, तर चोर दुसराच!

शिवाय सोबतीला दुसरी बाटली ठेवतात. त्याच प्रकारची प्रतिपिंडं, पण या पेशींवरचं काहीही न पकडणारी. तिच्यातही अझाइड तेवढंच हवं, नाहीतर तुलनाच खोटी.

एवढं कोण करतं, असं म्हणून सोडलं तर चुकीच्या निष्कर्षावर पुढचे प्रयोग रचले जातात. त्यात वर्षं जातात, पैसा जातो आणि औषधाची वाट बघणारा रोगी ताटकळतो.

आणि घाबरू नका, दवाखान्यातलं इंजेक्शन या बाटलीतून येत नाही. प्रयोगाच्या बाटल्या माणसाला टोचायच्या नसतात. टोचायच्या औषधांची एंडोटॉक्सिनसाठी वेगळी तपासणी करावीच लागते.