तानपुऱ्यात गंधार आला कुठून?

तेरच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मोबाइलवरच्या तानपुऱ्याला फिल्टर लावून त्याची घुंडी हळूहळू फिरवली, की मध्येच स्वच्छ गंधार ऐकू येतो. तारा तर फक्त पंचम-षड्जाच्या. मग हा गंधार सॉफ्टवेअर घालतं का?

नाही. आणि प्रश्न तेरहून आला हे बरंच झालं, कारण उत्तर तेरच्याच गोरोबाकाका कुंभारांच्या थापटण्यात आहे. काकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही आख्यायिका सर्वांना पाठ. थापेच्या एका क्षणात असंख्य कंप्रता एकदम असतात. मडकं त्यांतल्या आपल्या तेवढ्या उचलतं. भाजलेलं मडकं त्या धरून ठेवतं, म्हणून खणखणतं. कच्ची माती त्या लगेच गिळते, म्हणून बद्द वाजतं. फिल्टरची पारखही अशीच होते: क्षणभराचा टोला द्यायचा आणि मागे काय घुमतं ते बघायचं. फिल्टर नामदेवांसारखा रुसून, गुरू करायला विसोबा खेचरांकडे जात नाही, एवढाच फरक.

मडक्यासारखाच फिल्टरही आधीच असलेल्यातलंच उचलतो. आणि तारेत गंधार आधीच असतो. खर्जाची तार १२० हर्ट्‌झला लावली, तर तिच्यातच २४०, ३६०, ४८०, ६००, ७२० असे पटीतले स्वर असतात. तानपुऱ्याच्या घोडीवरची जवारी त्यांना उठाव देते. या करामतीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहिलं आहे. ४८० षड्ज धरला तर ६०० त्याचा गंधार आणि ७२० पंचम, म्हणजे एकाच तारेत अख्खा मेजर कॉर्ड! यातल्या गंधारालाच गवयी स्वयंभू गंधार म्हणतात. अरुंद पट्ट्याचा बँडपास फिल्टर ६०० वर आणला, की शेजारी गप्प होतात आणि गंधार पुढे येतो. घुंडी ८४० वर न्या: कोमल निषादासारखा, पण पेटीच्या निषादाहून (सुमारे ८५५) चांगलाच उतरलेला स्वर भेटेल.

पेटीचा गंधारही जुळत नाही. समान अंतराच्या बारा सुरांत तो ६०५च्या आसपास पडतो. दोन्ही एकदम वाजवले तर सेकंदाला पाचेक हेलकावे ऐकू येतात.

ही तक्रार सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी फार आधी मांडली होती. या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साथीने स्वर तपासले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढलं. पुढे लंडनहून श्रुती-हार्मोनियमही बनवून घेतली गेली. बडोद्याच्या १९१६च्या संगीत परिषदेत मात्र ती टिकली नाही आणि भातखंड्यांपुढे देवलांचं नाव मागे पडलं. माझ्या मते हा अन्याय आहे. त्यांनी श्रुतींना दिलेली गुणोत्तरं फारच नीटनेटकी होती, हे खरं. १९६३ मध्ये जैराझभॉय आणि स्टोन या संशोधकांनी प्रत्यक्ष सादर झालेलं संगीत मोजलं, तेव्हा स्वर जागचे हलताना दिसले. पण कान आणि मोजमाप एकत्र आणायची देवलांची हिंमत मोठी होती. आज ‘आपोआप राग ओळखा’ म्हणणारी जी ॲप्स बारा खणांत सूर कोंबतात, त्यांच्यापेक्षा तरी ते पुढेच होते.

तेव्हा पेटीवाल्या मित्राने एक करून पाहावं. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्यावं, नॉच फिल्टरने तानपुऱ्यातले ६०० आणि १२०० काढून टाकावेत आणि त्यावर कोमल गंधाराचा दरबारी गावा. कोमल गंधाराला शुद्ध गंधाराची ती सोबत खटकत होती, की हवीच होती?