रोजा फर्ज होतो, ते हाडांचेही वय

पहाटे साडेचारच्या सुमारास नेरळच्या मोहल्ल्यात सहरीसाठी घराघरांत दिवे लागतात. अम्मी हाका मारते, पण रात्री उशिरापर्यंत अभ्यास करून झोपलेल्या दहावीच्या मुलीचे डोळे उघडत नाहीत. शेवटी अर्धा कप चहा, एखादी खारी, रोजाची नियत आणि फज्र पढून पुन्हा अंथरूण. पुढचा घास थेट मगरिबला.

मूल वयात आले की रोजा फर्ज होतो. नेमकी हीच वर्षे हाडे भरण्याची असतात. मोठेपणी हाडांत जेवढे खनिज असते, त्याचा सुमारे चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढते त्या दोनच वर्षांत जमा होतो. अठरा-वीसपर्यंत बहुतेक भरणा संपतो. आजीच्या कमरेचे दुखणे म्हाताऱ्या वयात दिसते, पण त्याचे मूळ बरेचदा या वयात असते.

यात रोजाचा दोष नाही. प्रश्न आहे इफ्तार ते सहरी या वेळेत ताटात काय येते याचा. भजी, समोसे, रंगीत सरबत आणि थंड पेय यांनी पोट भरते, हाडांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. मोठा पेलाभर दुधातून साधारण ३००, वाटीभर दह्यातून दोनशेच्या आसपास, ५० ग्रॅम नाचणीच्या पिठातून १८०, तर चमचाभर तिळातून शंभरावर मिळते. कर्जतच्या डोंगरउतारांवर ठाकर-कातकरी नाचणी पिकवतात, आपल्याकडे मात्र ती गरिबाची म्हणून मागे पडली. सहरीला नाचणीची भाकरी आणि दही घेतले तर पोटालाही आधार राहतो. काट्यासकट खाल्लेली मांदेली, सुकट, शेवग्याचा पाला हेही कामाचे. खजूर जरूर खावा, पण त्याच्यावर हाडे पोसली जात नाहीत. सहरीत बरकत आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे, ती चहावर उरकायची गोष्ट नव्हे.

एक गोष्ट घरात कुणी बोलत नाही. पाळीच्या दिवसांत मुलीला रोजा नसतो, ते रोजे नंतर करायचे असतात. तरीही भाऊ आणि वडिलांसमोर खायची लाज वाटते म्हणून कित्येक मुली दिवसभर उपाशी राहतात, कुणी स्वयंपाकघराचे दार लोटून पाणी पिते. शरीअतने दिलेली सवलत घरातल्या संकोचाने काढून घेतली जाते. अम्मीने त्या दिवसांत मुलीचे ताट झाकून ठेवले आणि अब्बांनी विचारपूस केली नाही, एवढ्याने काम भागते.

उन्हाचेही तसेच. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे, आणि ते दुपारच्या उन्हातून मिळते. शाळा, ट्यूशन आणि घर यांत मुलींच्या हातांना ऊन लागतच नाही. घराच्या गच्चीवर किंवा परसात बाह्या सरकवून वीस-पंचवीस मिनिटे बसायला पडद्याची अडचण येत नाही. रोजात तहान लागत असेल तर कमी वेळ बसावे.

तरावीहनंतर मुले गल्लीत क्रिकेट खेळतात. धावण्या-उड्यांनीच हाड घट्ट होते. मुलींना त्या वेळी भांडी असतात. दोरीच्या उड्यांना दहा मिनिटे आणि हातभर अंगण लागते. वारंवार चक्कर येत असेल किंवा हाडे दुखत असतील, तर मात्र मनाने गोळ्या न घेता डॉक्टरांना दाखवावे.