आवडती कादंबरी दुसऱ्याच्या हाती देताना

हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला गाठीभेटी होतात, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : ‘चांगलं काही वाचायला आहे का?’ मुंबई-पुण्यात हा प्रश्न सोपा असतो, कारण पुस्तक आवडलं नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरं आणता येतं. कोलकात्यात मराठी प्रत बहुधा सुट्टीहून येताना पेटीत घालून आणलेली असते. कॉलेज स्ट्रीटच्या बोईपाड्यात, म्हणजे पुस्तकांच्या वस्तीत, अख्खा दिवस फिरलं तरी ती मिळेलच असं नाही. म्हणून इथे कादंबरी सुचवण्याचं काम थोडं सावकाशीनं करावं लागतं.

सुरुवात पुस्तकापासून नाही, माणसापासून करावी. ‘आपल्याला काय आवडतं?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘काहीही चालेल’ म्हणतात. त्याऐवजी शेवटी पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं आणि अर्धवट सोडलेलं कोणतं, हे विचारा. सोडलेल्या पुस्तकातून उपयोगी माहिती जास्त मिळते. ते कंटाळून सोडलं, भाषा अडली म्हणून सोडलं, की वेळच मिळाला नाही, हे कळलं की निम्मं काम होतं.

मग वाचन कधी होतं ते पाहा. मेट्रोत उभ्यानं वाचणाऱ्याला ‘मृत्युंजय’सारखा जाडजूड ग्रंथ दिलात तर तो घरीच राहणार. त्याला विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ द्या. 1939 सालची ही छोटी कादंबरी युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर घडते. जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू निर्वासित आणि एक मराठी तरुण त्या बोटीवर आहेत. पिशवीत मावते आणि चार-पाच दिवसांच्या प्रवासात संपते.

इथे वाढलेल्या मुलांचा विचार वेगळा करावा लागतो, आणि चूक सर्वांत जास्त इथेच होते. ही मुलं घरी मराठी बोलतात, देवनागरी हिंदीमुळे वाचतात, पण छापील मराठी त्यांच्या डोळ्यांना सवयीची नसते. आपण प्रेमानं आपल्या तरुणपणातली सर्वांत मोठी कादंबरी त्यांच्यापुढे ठेवतो आणि मूल दहाव्या पानावर थांबतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) लहान आहे, वाक्यं आखूड आहेत आणि एका धनगरवाडीत गेलेल्या तरुण मास्तराची गोष्ट लगेच पकड घेते. मात्र त्यातली बोली, म्हणजे माणदेशातली रोजची बोलण्याची भाषा, अडू शकते. पहिली पंधरा-वीस पानं सोबत बसून मोठ्यानं वाचा. कानाला ओळख पटली की डोळे मागे राहत नाहीत.

आता पुस्तकाविषयी बोलायचं कसं? एकाच वेळी पाच नावं सांगू नका. एक सांगा. गोष्ट कुठे घडते, कोणाची आहे आणि आपल्या मनात काय राहिलं, एवढं तीन-चार वाक्यांत पुरे. शेवट सांगायचा नाही, आणि ‘शेवट तर असा आहे की बघाच’ असंही म्हणायचं नाही. ते ऐकलेला माणूस मग गोष्ट न वाचता शेवटाची वाट पाहत राहतो.

वाट कुठे खडतर आहे, हे मात्र आधी सांगा. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (1963) हातात घेणाऱ्याला माहीत हवं की पांडुरंग सांगवीकर आपलीच हकीकत आपल्याच लहरीत सांगतो, घटनांची नेहमीची चढण इथे नाही. हे न सांगितल्यानं ती अर्ध्यावर ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. घरात नुकतंच दुःख घडलेल्या माणसाला विभूतिभूषणांची ‘पथेर पांचाली’ देतानाही, तिच्यात मृत्यू आहेत हे शांतपणे सांगावं. ती नंतरही वाचता येते.

शेजारच्या बंगाली मित्राला मराठी कादंबरी सुचवायची असेल तर वाट अनुवादातून जाते. ‘मृत्युंजय’ हिंदीत आहेच, शिवाय तिचा इंग्रजी अनुवाद 1989 मध्ये याच शहरातल्या, पी. लाल यांच्या ‘रायटर्स वर्कशॉप’नं काढला. साहित्य अकादमीच्या आणि नॅशनल बुक ट्रस्टच्या सूच्याही पाहाव्यात. भारतीय भाषांतली पुस्तकं एकमेकींत आणणं हे त्यांचं कामच आहे. अनुवाद घेताना मुखपृष्ठाच्या आत अनुवादकाचं नाव आहे का आणि आवृत्ती संक्षिप्त, म्हणजे छाटून लहान केलेली, तर नाही ना, हे तपासा. मोठ्या कादंबरीची छाटलेली प्रत वाचून ‘यात एवढं काय?’ म्हणणाऱ्या वाचकाचा दोष नसतो.

उलट दिशेनंही मागा. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांना मराठी घरात आणलं, पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या आसपास शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकले. आपण तर त्या भाषेच्या अंगणातच राहतो. बंगाली मित्रानं सुचवलेलं पुस्तक अनुवादात का होईना, वाचल्याशिवाय आपलं पुढचं त्याला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रत देताना आत नाव आणि तारीख लिहा आणि घरच्या वहीत नोंद करा. न लिहिता दिलेलं पुस्तक कुणाकडे आहे, हे सहा महिन्यांनी दोघांनाही आठवत नाही. पावसाळ्यात इथली दमट हवा कागद खाते. माझी एक प्रत आषाढात भिंतीला टेकून राहिली आणि पानं एकमेकांना चिकटून परत आली. तेव्हापासून मी घेणाऱ्याला सांगते : कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि ऊन पडलं की पुस्तक तासभर सावलीतल्या वाऱ्यावर.

दिल्यावर तीन आठवडे तरी विचारू नका. मग ‘आवडलं का?’ असं न विचारता ‘कुठवर आलात?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो, दुसऱ्याला खरं सांगतो. सोडलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, कोणत्या पानावर सोडलं ते विचारा आणि पुस्तक हसतमुखानं परत घ्या. वहीत परतीची तारीख घालाल, तेव्हा तिच्याशेजारी त्यांनी आपल्याला सुचवलेल्या पुस्तकाचं नावही लिहून घ्या.