गाडीचा रंग कोणता?

विट्यातल्या या रेडियमच्या दुकानात खुर्ची एकच, आणि ती कॉम्प्युटरपुढे. तिच्यावर ताई बसल्या आहेत, बाकी आम्ही गिऱ्हाईकं उभी. शेजारच्या गाळ्यात माग चालू असल्यामुळे सगळे जरा मोठ्यानंच बोलतात.

माझ्या पुढे नंबर आहे एका मामांचा. त्यांनी ताईंना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय : मान वर केलेला खिल्लार बैल, मागं झुकलेली लांब शिंगं, पाठीवर गुलाल. खाली पिवळ्या अक्षरांत ‘सर्जा’, अक्षरांना लाल कड आणि मागं काळी सावली. फोटो चार गावं हिंडून आलाय, त्यामुळं कडा पार विरलेल्या. मामांना हेच चित्र आपल्या पांढऱ्या पिकअपच्या दारावर पाहिजे आहे. परवा बैलगाडा शर्यतीचं मैदान आहे.

२०२१च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली, २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. रेडियमवाल्यांना हे शर्यतीच्या चित्रांचं काम तसं वेळेवर मिळालं म्हणायचं. एप्रिल २०१९पासूनच्या नव्या गाड्या एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबर प्लेट, लावूनच शोरूमबाहेर पडतात, त्यामुळं नंबर प्लेटवर पोट भरायचे दिवस सरत आलेत.

ताई फोटो कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये घेतात आणि ट्रेस करतात. डोळ्यांना फोटोत लाल एकच दिसतो. ट्रेस झाल्यावर रंगांच्या यादीत लालच्याच कितीतरी छटा उभ्या राहतात, त्यात एक तपकिरी आणि एक चक्क जांभळी. ताई एकेक छटा निवडून सगळ्या एका लालमध्ये ओततात. मग काळ्याचं तेच, मग पिवळ्याचं. अक्षरांचा ट्रेस मात्र त्या सरळ पुसून टाकतात. “असली फाटकी अक्षरं कापून काय करू?” म्हणत ‘सर्जा’ नव्यानं टाइप करतात.

आता त्या वायरफ्रेम दाखवतात. सगळे रंग जातात, नुसत्या रेघा उरतात. रेडियम कापणाऱ्या यंत्राला, प्लॉटरला, एवढंच दिसतं. त्याला लाल-पिवळं काही कळत नाही, रेघ दिसली की ब्लेड तिच्यावरून फिरणार. ‘स’ची शिरोरेघ ‘ज’च्या शिरोरेघेत घुसलेली, काना ‘ज’वर चढलेला, रफार वरून टेकलेला. हे असंच कापायला दिलं तर प्रत्येक जोडावर ब्लेड आडवं जाणार आणि सोलताना अक्षराचे तुकडे हातात येणार. ताई सगळं निवडून वेल्ड मारतात. आतल्या रेघा गायब होतात आणि शब्दाची एकसंध बाह्यरेषा उरते. इंग्रजी सुटी अक्षरं कापणाऱ्याला ही भानगड ठाऊकच नसते. देवनागरीत मात्र वेल्डशिवाय पान हलत नाही.

लाल कडेसाठी ताई अक्षरांना बाहेरून चार मिलिमीटरची कॉन्टूर देतात. लालचा अख्खा ठोकळा खाली आणि त्यावर पिवळं, असं का नाही करत, मी विचारतो.

“पिवळा पातळ असतोय. खाली लाल गेला की मळकट दिसतो. आणि थर वाढला की कडेला धूळ धरते.”

“मग लाल बरोबर पिवळ्याच्या कडेपर्यंतच कापायचा.”

“तसा कापला तर उन्हाळ्यात बघा. रेडियम आखडतंय. मधनं गाडी दिसायला लागती.”

म्हणून त्या मधला मार्ग काढतात. पिवळ्या अक्षराला आतून एक मिलिमीटरची कॉन्टूर, आणि त्या आतल्या आकारानं लालला ट्रिम. म्हणजे लाल रंग पिवळ्याच्या खाली फक्त मिलिमीटरभर सरकतो. पिवळा उजळ राहतो आणि फटही पडत नाही. सावलीच्या काळ्यालाही हाच न्याय. पडद्यावर या मिलिमीटरनं काहीच फरक पडलेला दिसत नाही, मामा तर “झालं का?” असं दोनदा विचारून मोकळे झालेत.

आता लेअर. काळा, लाल, पिवळा असे तीन, आणि प्रत्येकात दोन टोकांना बारीक अधिकचं चिन्ह, अगदी त्याच जागी. खात्री करायला ताई एकेका लेअरपुढचा डोळा बंद करून तो लेअर लपवत जातात. पिवळा बंद, अक्षरं गेली. काळा बंद, बैलाच्या रेघा गेल्या. पण बैलाचा डोळा पडद्यावर तसाच! रंगानं काळा, पण राहिलाय लालच्या लेअरमध्ये. कापताना तो लाल रोलमधून निघाला असता.

“लाल डोळ्याचा सर्जा,” मामा हसतात. “पोरं भिऊन पळतील की.”

ताई डोळा उचलून काळ्यात टाकतात. मग मामांना शंका येते. “ताई, बैल आमचा पांढराफेक. पांढरा रंग कुठाय ह्यात?”

“गाडी पांढरी हाय न्हवं? गाडीचाच रंग बैलाला.”

मामा क्षणभर गप्प. मग म्हणतात, “आणि एक कर. मेव्हण्याच्या गाडीला बी पाहिजे. त्याची निळी हाय.”

ताई माऊसवरचा हात काढतात आणि त्यांच्याकडं बघतात. निळ्या दारावर हेच लावलं तर सर्जा निळा दिसणार. फाइलची दुसरी प्रत होते. सगळ्यात खाली पांढऱ्याचा चौथा लेअर येतो, बैलाचा पुरा आकार, पण बाहेरच्या काळ्या रेघेच्या मध्यापर्यंतच. नाहीतर पांढरी किनार बाहेर डोकावेल. या लेअरलाही तीच दोन चिन्हं.

कटिंगला सुरुवात होते. आधी कोपऱ्यात बोटभर चौकोन कापून ताई नखानं सोलून बघतात : रेडियम कापलंय, मागच्या कागदाला चर नाही. ब्लेड बरोबर आहे. काळा रोल, मग लाल, मग पिवळा, शेवटी पांढरा. नको असलेलं सोलून काढायचं काम पोऱ्याचं. रफाराची बारीक शेपटी चिमट्यानं दाबून धरत तो भोवतीचं रेडियम तिरकं ओढतो. मग ट्रान्सफर टेपवर आधी पिवळा उचलला जातो, चिन्हावर चिन्ह ठेवून लालवर बसतो, ते दोन्ही मिळून काळ्यावर. दुसऱ्या सेटचा तोच थर पुढं पांढऱ्यावर. चिन्हं जुळली की मधलं आपोआप जुळतं, तिथं कुणी बघतसुद्धा नाही.

हिशेबाला मामा अडतात. चित्र तेच, माप तेच, मग निळ्या गाडीचे पैसे जास्त का? ताई चार बोटं दाखवतात. दर रंगावर असतो : जितके रंग, तितक्या वेळा रोल चढवायचा, तितक्या वेळा सोलायचं. मामा कुरकुरत का होईना, पैसे काढतात. माझ्या मते तर दर कमीच आहे. कापायला लागलेला वेळ थोडा. डोकं लागलं ते आधी, पडद्यासमोर.

तुम्ही कधी असं काम घेऊन गेलात, तर डिझाइन दाखवायच्या आधी गाडीचा रंग सांगा. आणि फिरून आलेल्या फोटोऐवजी मूळ फाइल मिळत असेल तर तीच न्या, ट्रेसिंगची मेहनत वाचते.