आई-वडील वाणगावात, तुम्ही नोकरीच्या गावी? पुढच्या फेरीत करून या ही सहा कामे

एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटहून सुटणारी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. डहाणूच्या एक स्टेशन अलीकडचे वाणगाव मुंबईला जोडले गेले. कामावर जाणाऱ्यांची सोय झाली. कुणी बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत जाऊन-येऊन नोकरी करू लागले, कुणी विरार-नालासोपाऱ्याला बिऱ्हाड थाटले. घरी राहिले ते म्हातारा-म्हातारी, भाताचे खाचर आणि मिरचीची वाडी.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत दुसरा बदल झाला. ज्येष्ठांसाठीच्या सरकारी सोयी एकेक करून मोबाइलवर आल्या. उपचाराचे कार्ड अ‍ॅपवर, हयातीचा दाखला अ‍ॅपवर, ओटीपी मोबाइलवर. घरातला स्मार्टफोन मात्र नोकरीवर गेलेल्या मुलाच्या खिशात असतो आणि आजीच्या कनवटीला बटणांचा साधा फोन. सोय आहे, पण पोहोचत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

म्हणूनच हा लेख आजी-आजोबांसाठी नाही, त्यांच्या मुला-नातवंडांसाठी आहे. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा काय काय करून यायचे, ते क्रमाने पाहू.

१) सत्तरी पार झाली आहे का? आधी कार्ड काढा

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान भारत योजनेत 'वय वंदना' कार्ड मिळते. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत होतात. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून आहे. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठीचे हे ५ लाख वेगळे मिळतात.

कसे काढायचे? तुमच्या फोनवर 'आयुष्मान' अ‍ॅप घ्या, लाभार्थी म्हणून लॉगिन करा, ७० वर्षांपुढील नोंदणीचा पर्याय निवडा, आधार क्रमांक टाका आणि ओळख पटवा. वय आधारवरचेच धरले जाते. अनेक आदिवासी ज्येष्ठांकडे जन्माचा दाखला नसतो आणि आधारवर अंदाजे वर्ष टाकलेले असते. ते आधी तपासा. अडचण आली तर १४५५५ या क्रमांकावर विचारा.

एक गोष्ट लक्षात ठेवा : हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येते. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखाना गाठावा लागतो. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गोळ्या संपण्याआधी आठवडाभर फोनमध्ये आठवण लावा. फोन तुमचा असला तरी चालेल.

२) अंगठा उमटत नाही? चेहरा चालतो

'मशीन अंगठा घेत नाही' ही तक्रार घरोघरी ऐकू येते. यात म्हाताऱ्या माणसाची चूक नाही. मशीन बोटावरच्या बारीक उंचवट्यांच्या रेषा वाचते. आयुष्यभर लावणी, कापणी, खुरपणी केली की या रेषा झिजतात. वयाबरोबर कातडी कोरडी पडते, ती वेगळीच. त्यामुळे नोंदवलेला ठसा आणि आजचा ठसा जुळत नाही.

यावर पर्याय आहे चेहऱ्याने ओळख पटवण्याचा. फोनवर 'आधार फेस आरडी' हे अ‍ॅप असले की आयुष्मान आणि 'जीवन प्रमाण' ही दोन्ही अ‍ॅप्स चेहरा ओळखतात. कॅमेऱ्यासमोर बसवा, चेहऱ्यावर उजेड पडू द्या, चष्मा काढा आणि सांगितल्यावर पापण्या मिटून उघडायला सांगा. अंधाऱ्या खोलीपेक्षा ओटीवर हे काम लवकर होते.

त्याच फेरीत आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का ते पाहा. बंद पडलेल्या सिमवर ओटीपी जात राहतो आणि काम अडते.

३) पेन्शन थांबली असेल तर कारण शोधा

तारापूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांना ईपीएस-९५ ची पेन्शन असते. त्यांचा हयातीचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून १२ महिने चालतो. सरकारी निवृत्तांसाठी महिना ठरलेला आहे, नोव्हेंबर. दोघांनाही 'जीवन प्रमाण' वरून घरबसल्या दाखला देता येतो. ८० वर्षांपुढील केंद्रीय पेन्शनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे.

ज्यांना पेन्शनच नाही, त्यांच्यासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. वय ६५ पूर्ण आणि वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत, अशांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात, म्हणजे वाणगावकरांसाठी डहाणूला. पैसे थेट खात्यात येतात. त्यामुळे खाते आधारशी जोडलेले नसेल किंवा वर्षाचा हयातीचा दाखला राहिला असेल तर रक्कम अडकते. तहसीलला खेटे घालण्याआधी बँकेत या दोन गोष्टी विचारून घ्या.

एसटीने जाणार असाल तर ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट.

४) १२ सेकंदांची चाचणी घ्या

म्हातारपणी घर बसवते ते बऱ्याचदा पडणे. खुबा मोडला की शेत, बाजार, शेजार सगळे एकदम सुटते. धोका आहे का, हे घरीच पाहता येते. खुर्चीपासून ३ मीटरवर खूण करा. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जायचे, वळून परत येऊन बसायचे. फोनवर वेळ मोजा, शेजारी उभे राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा.

उपाय साधे आहेत. ६५ वर्षांपुढच्यांनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखी हालचाल करावी आणि तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहणे, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, एवढ्यापासून सुरुवात होते. न्हाणीतले शेवाळ घासून काढा, दांडी बसवा, रात्री मोरीकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा लावा. हे काम एका दुपारचे आहे.

ताटात नाचणीची भाकरी राहू द्या. तिच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सोबत वाल, डाळ, अंडे किंवा सुकट हवी. दात गेले म्हणून नुसत्या पेजेवर राहिले की स्नायू झडतात.

५) कान आणि डोळे दाखवून आणा

'बाबा हल्ली बोलतच नाहीत' यामागे पुष्कळदा कान असतो. ऐकू येत नाही, पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटते, मग माणूस बैठकीतून उठून जातो. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली आहेत. उपचार न केलेला बहिरेपणा, उपचार न केलेली अधू दृष्टी आणि माणसांपासून तुटणे ही तिन्ही त्यांत आहेत.

चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण आणि कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असणाऱ्यांना एकदाच ३ हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. अर्ज घेतले जात आहेत का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

६) कामात आणि माणसांत ठेवा

जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजार आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे तासाला सुमारे १००. पैसे पाठवून हा आजार बरा होत नाही.

मग काय करायचे? उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रकलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. जव्हारच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली ती नव्वदीत. दोघांनाही उतारवयात धरायला एक काम होते आणि त्यांच्याकडून शिकायला येणारी माणसे होती.

प्रत्येक घरात पद्मश्री नसते, पण प्रत्येक आजीला काहीतरी येते. बियाणे राखणे, रानभाज्या ओळखणे, चौक लिहिणे, तारप्याचे सूर. 'तुम्ही आता बसा' म्हणण्याऐवजी नातवाला तिच्याकडे पाठवा. 'जेवलीस का' एवढ्यावर फोन ठेवण्यापेक्षा 'यंदा मिरचीला काय भाव निघाला' विचारा. ज्याला उत्तर माहीत आहे असा प्रश्न विचारला की म्हातारे माणूस खुलते.

बटणांच्या फोनमध्ये हे क्रमांक भरून द्या

• १४५६७ : ज्येष्ठांसाठीची 'एल्डरलाइन', सकाळी ८ ते रात्री ८. माहिती, आधार, छळ झाल्यास मदत
• १०८ : रुग्णवाहिका
• १४४१६ : 'टेलिमानस', मन खचल्यास बोलण्यासाठी
• १९३० : ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच

शेवटच्या क्रमांकासोबत एक वाक्य आजी-आजोबांकडून पाठ करून घ्या : 'ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, पोलीस असल्याचे म्हणाला तरी नाही.'

यातली पहिली पाच कामे एका सुट्टीत आणि तहसील-दवाखान्याच्या एखाद्या फेरीत उरकतील. सहावे काम एका फेरीचे नाही. त्यासाठी आठवड्यातला एक ठरलेला वार आणि ठरलेली वेळ लागते. विरारहून वाणगावपर्यंत मधली स्थानके सहाच आहेत.