गिधाडे गेली, माणसेही गेली

भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, आणि त्याचे कारण गिधाडांचे नाहीसे होणे हे होते. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात हा निष्कर्ष मांडला. एखाद्या पक्ष्याच्या ऱ्हासाची किंमत माणसांच्या मृत्यूंत मोजण्याचे इतके काटेकोर प्रयत्न फारच थोडे झाले आहेत.

त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. देशातील काही जिल्हे पूर्वीपासून गिधाडांना मानवणारे होते, तर काही ठिकाणी गिधाडे मुळातच तुरळक. या दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांतील मृत्युदर गिधाडे कमी होण्यापूर्वी साधारण सारखेच बदलत होते. गिधाडांची संख्या कोसळल्यानंतर मात्र पहिल्या गटातील मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. त्याच भागांत रेबीजच्या लशीचा खप वाढला, भटकी कुत्री वाढली आणि पाण्यातील विष्ठाजन्य जिवाणूंचे प्रमाणही चढले.

असे का झाले, याचे उत्तर गिधाडाच्या पोटात आहे. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक घातक जिवाणू तिथेच मरतात. गिधाडांचा थवा मेलेली गाय तासाभराच्या आत हाडांपर्यंत साफ करतो. आपल्याकडे पन्नास कोटींहून अधिक पशुधन आहे, आणि मेलेली जनावरे गावाबाहेर उघड्यावर टाकण्याची पद्धत जुनी आहे. गिधाडे होती तोवर ती चालून गेली. गिधाडे गेल्यावर तेच मांस कुत्र्यांच्या आणि उंदरांच्या वाट्याला आले. कुत्री ते पूर्ण संपवत नाहीत, शिवाय रेबीज पसरवतात. उरलेले कुजते आणि पावसासोबत ओढ्या-नाल्यांत उतरते.

एवढी गिधाडे मेली कशाने? १९९०च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’चे डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडे झपाट्याने घटत असल्याचे दिसले. आधी संशय साथीच्या रोगावर आणि कीटकनाशकांवर गेला. उलगडा पाकिस्तानात झाला. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मृत गिधाडांची तपासणी केली, तेव्हा बहुतेकांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला आढळला. मूत्रपिंडे निकामी झाल्याची ती खूण. अशा २५ गिधाडांच्या ऊतींत त्यांनी डायक्लोफेनॅक शोधले, तर ते पंचवीसच्या पंचवीसांत सापडले; इतर कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही नव्हते. हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये आले.

डायक्लोफेनॅक हे माणसांत सर्रास वापरले जाणारे वेदनाशामक. ते स्वस्त झाले तसे गुरांच्या तापावर, सुजेवर आणि लंगडण्यावरही दिले जाऊ लागले. उपचारानंतर लवकरच मेलेल्या गुराच्या मांसात ते शिल्लक राहते, आणि गिधाडाची मूत्रपिंडे ते पेलू शकत नाहीत. टाकलेल्या जनावरांपैकी एक टक्क्याहूनही कमी जनावरांत हे औषध घातक प्रमाणात असले, तरी गिधाडांची एवढी हानी होण्यास ते पुरेसे आहे, असे गणिती प्रारूपांतून दिसले. एकाच जनावरावर डझनावारी गिधाडे जेवतात, म्हणून एक विषारी शव सगळ्या थव्याला भोवते. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीची जवळपास ९७ टक्क्यांनी घटली. मादी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. त्यामुळे ही तूट भरून निघायला दशके लागणार.

सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकार मर्यादित करावा लागला. मग कळले की केटोप्रोफेनही घातक आहे आणि असेक्लोफेनॅकचे गुराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनते. या दोन्हींवर बंदी यायला २०२३ उजाडले; तशाच घातक निमेसुलाइडवर ती २०२४च्या अखेरीस आली. प्रत्येक वेळी क्रम तोच: औषध आधी बाजारात, पक्षी मग मेलेले, बंदी सर्वांत शेवटी.

हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबा इथे आणली गेली. हे काम मोलाचे आहे. पण गिधाडांच्या पुढ्यात येणारे मांस निर्धोक नसेल, तर हे काम वाया जाईल.

निर्धोक औषधे नाहीत असे नाही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना अपाय करत नाही हे प्रयोगांनी २००६ मध्येच दाखवून दिले, आणि गुरांची सूज व वेदना त्याने कमी होतात. पशुवैद्यकाने तेच लिहून द्यावे, पशुपालकाने तेच मागावे. आणि सरकारने पुढील प्रत्येक पशुवेदनाशामकाला परवाना देण्यापूर्वी गिधाडांवरील सुरक्षितता-चाचणी सक्तीची करावी. या चाचणीचा खर्च औषध कंपनीच्या हिशेबात मोठा नसेल. ती न केल्याची किंमत आपण पाच लाख माणसांच्या जिवांनी मोजली आहे.